आमदारांसोबत फेलो म्हणून वर्षभर मुंबईत: राहायचं कुठे, आणि काम नेमकं काय असतं?

पळसपान
९ एप्रिल, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी किनवटची. नांदेडला राज्यशास्त्रात एमए केलं, त्यानंतर दीड वर्ष स्पर्धा परीक्षांचा अभ्यास. मागच्या आठवड्यात एका आमदारांच्या कार्यालयातून निवड झाल्याचा फोन आला. विधिमंडळाच्या कामासाठी अभ्यास-सहायक हवा होता, ते त्याला लेजिस्लेटिव्ह फेलो म्हणतात. मुदत अकरा महिने, मानधन महिना पंचवीस हजार, राहायची सोय आपली आपण करायची. २० एप्रिलला रुजू व्हायचंय. आमदार विदर्भातले आहेत. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चर्चा तिकडे वळायला नको.

मुंबई मी एकदाच पाहिलीय. २०१९ साली बाबांना टाटा रुग्णालयात आणलं होतं. तेव्हा आमच्या भागातल्या एका कार्यकर्त्याच्या ओळखीने आकाशवाणी आमदार निवासात जागा मिळाली. एका खोलीत आम्ही नऊ जण होतो, सगळे कुणा ना कुणाचे पेशंट घेऊन आलेले. पहाटे उठून परळला जायचं, रात्री परत यायचं. त्या अकरा दिवसांत समोर मंत्रालय आहे आणि पलीकडे विधान भवन आहे एवढंच कळलं. आता तिथेच कामाला जायचंय, त्यामुळे मनात बरंच काही चाललंय.

दोनच गोष्टी विचारते. एक, एकट्या मुलीने या पैशात कुठे राहावं? दुसरं, हे काम प्रत्यक्षात कसं असतं? मी जे शिकले ते पुस्तकातलं आहे: विधानसभेचे २८८, परिषदेचे ७८, कलम १६८, विधेयकाची तीन वाचनं. तिथे बसून रोज करायचं काय, ते कुणी सांगितलं नाही.

---

खाडीकाठ
९ एप्रिल, रात्री ११:३०

अभिनंदन गं! आधी राहायचं बघू. मी अठरा वर्षं डोंबिवली ते फोर्ट करतेय.

विधान भवनाच्या आसपास पंचवीस हजारांत राहणं विसर. दादर, परळ, गिरगावात कॉट बेसिसवर जागा मिळते, म्हणजे खोलीत तीन-चार जणी, आपला पलंग आणि कपाटाचा एक कप्पा. जवळ पडतं, पण मानधनाचा मोठा घास तिथेच जातो. डोंबिवली, कल्याण, बदलापूर किंवा हार्बरला खारघर, पनवेल इकडे तिघींनी मिळून वन बीएचके घेतला तर परवडतं. माझा सल्ला असा, पहिला महिना कॉट बेसिसवर काढ, ऑफिसच्या वेळा कळू देत, मग अकरा महिन्यांचा करार कर. आल्या आल्या डिपॉझिट आणि ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं देऊन बसलीस आणि जागा पटली नाही तर पैसे अडकतात. कराराची नोंदणी आणि पोलीस पडताळणी मालकाकडून करून घेच.

मध्य रेल्वेने आलीस तर सीएसएमटीला उतर. तिथून शेअर टॅक्सी आहे, बेस्टची बस आहे, आणि आता मेट्रो तीनचं 'विधान भवन' नावाचं स्थानकच झालंय. सीएसएमटीपासून तिसरं. पश्चिम रेल्वेने आलीस तर चर्चगेटहून चालत पंधरा मिनिटं.

एक गोष्ट मात्र ऐकच. दिवा, मुंब्रा, कळवा या पट्ट्यात सकाळी दारात उभी राहू नकोस. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं खाली पडली, जीव गेले. उशीर झाला तर झाला, पुढची गाडी पकड. लेडीज स्पेशलची वेळ पाठ कर.

---

कोरा_कागद
१० एप्रिल, सकाळी ८:०५

मी चार वर्षांपूर्वी हेच काम केलंय, परिषदेतल्या एका सदस्यांकडे. सविस्तर लिहितो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षाला तीन अधिवेशनं. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. १९५३ च्या नागपूर करारामुळे ते तिकडे होतं आणि डिसेंबरात सगळं बिऱ्हाड तिकडे हलतं, थंडीचे कपडे ठेव. सभागृह चालू असतं ते दिवस वर्षात थोडेच. खरं काम त्याआधीच्या दोन महिन्यांत होतं.

आमदाराच्या हातातली हत्यारं ओळखून घे. तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), अतारांकित प्रश्न (फक्त लेखी उत्तर), लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, पुरवणी मागण्या, कपात सूचना, अशासकीय विधेयक आणि ठराव, नियम २९३ ची चर्चा (परिषदेत तीच नियम २६० ची). प्रत्येकाची मुदत वेगळी, कागदाचा मसुदा वेगळा, आणि प्रत्येकाने निघणारं काम वेगळं. तोंडावर आलेली घटना असेल तर लक्षवेधी. पैसे कुठे अडलेत हे पाहायचं असेल तर मागण्यांवरचं भाषण, त्यासाठी त्या खात्याचं कार्यक्रम अंदाजपत्रक वाचावं लागतं. लेखाशीर्षाच्या, म्हणजे खर्चाच्या एकेका बाबीच्या, रांगा वाचायला पहिले पंधरा दिवस डोकं दुखतं, नंतर त्यातच गोष्ट दिसायला लागते. गेल्या वर्षी तरतूद किती, सुधारित अंदाज किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे तीन आकडे शेजारी मांडलेस की भाषण अर्धं तयार.

पण मी म्हणेन, सगळ्यात आधी तारांकित प्रश्न लिहायला शिक. त्याचा साचा ठरलेला आहे. 'अमुक ठिकाणी अमुक झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' वाचायला सरकारी वाटतं. पण गावातल्या माणसाने दहा वर्षं तोंडी सांगितलेली गोष्ट या पाच ओळींत बसली की मंत्र्यांच्या सहीने उत्तर द्यावं लागतं. ते छापलं जातं, कायम राहतं. मला या कामाची गोडी तिथे लागली.

विधिमंडळाचं ग्रंथालय सोडू नकोस, जुन्या कामकाजाचे खंड तिथे आहेत. कायदे आणि राजपत्रं विकत हवी असतील तर चर्नी रोडचं शासकीय ग्रंथागार. शासन निर्णय संकेतस्थळावर मिळतात, पण प्रत्येकाचा संकेतांक स्वतःच्या वहीत लिहून ठेव. ऐनवेळी सापडत नाहीत.

---

भीमाथडी
१० एप्रिल, दुपारी १:१५

ही मुख्यमंत्री फेलोशिप का? मी त्याचा फॉर्म भरणार होतो.

---

कोरा_कागद
१० एप्रिल, दुपारी २:००

नाही, ती वेगळी. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, मध्ये खंड पडला, २०२३ पासून पुन्हा चालू आहे. वयाची अट २१ ते २६. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती राबवतं आणि फेलो प्रशासनात काम करतात. म्हणजे ते सरकारच्या बाजूला बसतात. पळसपानचं काम सरकारला विचारणाऱ्याच्या बाजूचं. दोन्हीकडे शिकायला भरपूर आहे, पण निवडताना हा फरक माहीत हवा.

---

यमुनातीर
१० एप्रिल, रात्री ९:४०

भर घालते. दिल्लीत खासदारांसाठी पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप २०१० पासून आहे, मी त्यात होते. एका खासदाराला एक फेलो, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पीय अधिवेशनापर्यंत. तिथे प्रशिक्षण मिळतं, बरोबरीचे चाळीस-पन्नास जण असतात, अडलं तर विचारता येतं. आमदारांकडे काम करणारी मुलं बहुतेक एकेकटी असतात. पळसपान, तुला सगळ्यात जास्त उणीव याचीच भासेल. इतर आमदारांकडे अशी कामं करणारे कोण आहेत ते शोध, पक्ष बघू नकोस. आठवड्यातून एकदा चहाला बसा.

---

जुनी_फाईल
११ एप्रिल, सकाळी ६:५०

मी मंत्रालयात चौतीस वर्षं काढली, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुम्ही प्रश्न लिहिणार, आम्ही उत्तरं लिहायचो. त्या बाजूने चार शब्द सांगतो.

आमच्याकडे विधानसभेच्या प्रश्नाला एलएक्यू म्हणतात. अधिवेशन जवळ आलं की कार्यासनात, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या कक्षात, गठ्ठे येतात. कार्यासन अधिकारी जिल्ह्याकडून माहिती मागवतो. मग मसुदा अवर सचिव, उपसचिव, सचिव असा वर चढतो आणि शेवटी मंत्र्यांची मान्यता. जिल्ह्यातून माहिती वेळेत आली नाही तर रात्री अकरापर्यंत फोन करत बसायचो. हे काम आम्ही मनापासून केलं आहे, हे आधी सांगतो. कारण बाहेर समज असा की आम्ही टाळायलाच बसलेलो असतो.

पण प्रश्न सैल असेल तर उत्तरही सैल जातं. 'जिल्ह्यातील अनेक शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर गैरसोय' असं लिहून आलं की खालून माहिती येते, 'गैरसोय होत नाही'. झालं. पहिल्या भागाचं उत्तर 'हे खरे नाही', आणि बाकी सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. तुमचा प्रश्न तिथेच मेला. याउलट गावाचं नाव, योजनेचं नाव, काम पूर्ण झाल्याचा महिना, कोणत्या कार्यालयाने कोणाला पत्र लिहिलं, एवढं असेल तर 'खरे नाही' लिहायला कुणाचा हात धजत नाही. नाइलाजाने 'होय' किंवा 'अंशतः खरे आहे' लिहावं लागतं.

तेव्हा बाई, विशेषणं काढून टाका आणि तारखा घाला. आणखी एक, सदस्यांनी दिलेल्या माहितीची जबाबदारी सदस्यांवर असते. वर्तमानपत्राचं कात्रण पुरेसं नाही. फोन करून खात्री करा.

---

चिंचेचा_मळा
११ एप्रिल, रात्री ८:२०

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मनातलं लिहितो. आमच्या गावच्या पाझर तलावाचा प्रश्न विधानसभेत दोनदा आला. वडिलांनी छापील उत्तराची झेरॉक्स देवघरात ठेवली होती. 'कार्यवाही सुरू आहे' असं त्यात होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली. तलाव तसाच आहे. या मुलीला आपण साचे शिकवतोय, पण छापून आलेल्या उत्तराने गावात पाणी येतं का, हेही तिला सांगायला हवं.

---

जुनी_फाईल
१२ एप्रिल, सकाळी ७:१०

तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते वाचून वाईट वाटलं. उत्तर आलं की काम संपलं असं आमदारही धरतात आणि आम्हीही धरायचो. तिथेच चुकतं.

मंत्री सभागृहात 'करू', 'तपासून पाहू', 'तीन महिन्यांत निर्णय घेऊ' म्हणाले की ते आश्वासन होतं. विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. कामकाजातून अशी वाक्यं वेचून खात्याकडे पाठवली जातात, ९० दिवसांत पूर्तता अपेक्षित असते, नाही झाली तर समिती सचिवांना साक्षीला बोलावू शकते. पण 'कार्यवाही सुरू आहे' हे आश्वासन नव्हे. त्यात तारीख नाही, करणाऱ्याचं नाव नाही. तुमच्या वडिलांच्या कागदावर तेच घडलं असणार. प्रश्नोत्तराच्या तासात उपप्रश्न विचारून मंत्र्यांकडून तारीख काढणं, हे सदस्याचं कसब. आणि तो उपप्रश्न आदल्या रात्री लिहून देणं हे या मुलीचं काम.

तलावाचं गाव, तालुका मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. विनंती अर्ज समितीकडे नागरिकालाही जाता येतं, सदस्याच्या सहीने अर्ज सादर होतो. मसुदा मी करून देतो.

---

कोरा_कागद
१२ एप्रिल, दुपारी १२:३०

चिंचेचा_मळा, तुमच्या पोस्टनंतर एक सांगावंसं वाटतं. रोजगार हमी योजना याच विधिमंडळातून आली. वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती होते. १९६९ ला सांगलीतल्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, ७२ च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली, १९७७ ला कायदा झाला. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला होती. तिच्या तोंडी कायद्याचं नाव कधी आलं नाही, ती म्हणायची 'पाग्यांचं काम'. उशीर होतो, कधी सगळंच फसतं, हे मान्य. पण दार हेच आहे.

---

पळसपान
२८ मे, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला फार उशीर केला. महिना कसा गेला कळलं नाही.

पहिले पंचवीस दिवस दादरला कॉटवर राहिले, आता डोंबिवलीला तिघी आहोत, माझ्या वाट्याला साडेसहा हजार. खाडीकाठ ताई, सकाळची लेडीज स्पेशल जमतेय. डब्यातल्या एका काकूंनी तिसऱ्याच दिवशी 'तू कुठे उतरतेस' विचारून जागा धरायला सुरुवात केली. माझं मुंबईत कुणीतरी आहे असं पहिल्यांदा तिथे वाटलं.

ऑफिस म्हणजे आमदार निवासातली खोली. सकाळी मी पोचते तेव्हा गाद्या गुंडाळणं चालू असतं. रात्री मतदारसंघातून आलेले लोक तिथेच झोपतात. टाटा, केईएम, जेजे. आम्ही होतो तसेच. पहिल्या दिवशी एक मावशी कोपऱ्यात भिंतीला टेकून फाईल मांडीवर घेऊन बसल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट, पिशवीला रबर लावलेलं. आईने बाबांची फाईल अशीच धरली होती. मला पाच मिनिटं बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

त्यामुळे माझ्या कामाचा अर्धा भाग ठरवला नव्हता तसा निघाला. पेशंटसाठी पत्रं लिहिणं. यातून शिकलेलं इथे लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. आमदारांचं पत्र असलं तर बरं, पण तो पेशंटचा हक्क आहे, मेहरबानी नाही. एका मोठ्या रुग्णालयात मला 'खाटा शिल्लक नाहीत' म्हणून सांगितलं. मी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना आजची राखीव खाटांची स्थिती लेखी द्या म्हणाले. तासाभरात खाट मिळाली. त्या दिवशी मी लोकलमध्ये बसून रडले, आनंदाने की रागाने ते अजून ठरवता आलेलं नाही. २०१९ ला हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता काकांसाठी. माझा पहिला प्रश्न असा होता: 'तालुक्यातील अनेक आरोग्य उपकेंद्रे बंद असल्याने आदिवासी जनतेची मोठ्या प्रमाणावर गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय.' पाठवण्याआधी तुमची पोस्ट पुन्हा वाचली आणि फाडून टाकला.

मग एकाच गावाची गोष्ट धरली. तिथल्या आशाताईंचा नंबर मिळवला. इमारत बांधून तीन वर्षं झाली, दाराला कुलूप. लसीकरण शाळेच्या व्हरांड्यात होतं. पावसात नाल्याला पाणी आलं की पलीकडच्या आरोग्य केंद्राशी संबंध तुटतो. तालुक्याला फोन केला तर बांधकामवाले म्हणाले इमारत दिली, आरोग्यवाले म्हणाले पदच मंजूर नाही तर ताबा घेऊन काय करू. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत एका कार्यकर्त्याने मिळवून दिली. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे, ताईंच्या वहीत कुटुंबवार नोंदी आहेत, त्या मोजल्या, निकष पूर्ण होतो. सात दिवस गेले या पाच ओळींत. अनेक, मोठ्या प्रमाणावर, गैरसोय, हे तिन्ही शब्द त्यात नाहीत.

---

जुनी_फाईल
२९ मे, सकाळी ६:३०

शाब्बास पोरी. दाखल्याची तारीख पहिल्याच भागात घातली आहेस ना? आणि एक लक्षात ठेव. उत्तर सभागृहासमोर येण्याआधी हातात आलं तर इथे किंवा कुठेही टाकायचं नाही. तो सभागृहाच्या अधिकाराचा भाग आहे. उपप्रश्न ठरवायला मला फोन कर, पण उत्तराचा कागद दाखवू नकोस. उपकेंद्राचं प्रकरण पदनिर्मितीवर अडलेलं असतं, हे मला कागद न बघताही ठाऊक आहे.

---

खाडीकाठ
२९ मे, सकाळी ७:४८, लोकलमधून

त्या काकूंचं वाचून बरं वाटलं. पावसाळ्यात एक जोडी कपडे आणि चप्पल ऑफिसात ठेव. कुर्ला-सायनला पाणी भरलं की घरी पोचायचा भरवसा नसतो. माझी बहीण माटुंग्याला राहते, तिचा नंबर निरोपात पाठवलाय. हक्काने जा.

---

पळसपान
११ जुलै, रात्री १:०५

आमचा प्रश्न ८ जुलैला लागला. उत्तर आता सभागृहासमोर आलंय म्हणून लिहिते.

प्रश्न यादीत येणं हीच मोठी गोष्ट, पाठवलेल्यांपैकी थोडेच येतात. त्यात आमचा क्रमांक खाली होता. तास संपेपर्यंत पुकारला जाईल की नाही याची धाकधूक. नाही पुकारला तर छापील उत्तरावर समाधान मानायचं आणि उपप्रश्न गेला. मी गॅलरीत होते. मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे हाताला काही काम नाही, नुसतं बघायचं. समोर अधिकाऱ्यांच्या गॅलरीत खात्याचे लोक फाईल उघडून बसलेले, मध्येच एखादी चिठ्ठी खाली मंत्र्यांकडे जाते. सभागृहाच्या मधोमध प्रतिवेदक. त्यांचं पेन एका लयीत चालतं आणि एक जण उठला की दुसरा त्याच लयीत सुरू होतो. बाहेर एवढा गोंधळ, पायऱ्यांवर घोषणा, पण प्रत्येक शब्द कुणीतरी शांतपणे लिहून घेतंय. मला ते फार आवडलं.

छापील उत्तर असं: '(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) सदर उपकेंद्राच्या इमारतीचे बांधकाम पूर्ण झाले असून पदनिर्मितीचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.'

काकांनी सांगितल्याप्रमाणे मी तीन उपप्रश्न लिहून दिले होते. आमदारांना वेळ मिळाला एकाच उपप्रश्नाचा. प्रश्न पुकारला तेव्हा तास संपायला चार मिनिटं होती. त्यांनी दुसरा निवडला: प्रस्ताव जिल्ह्याकडून कोणत्या तारखेला निघाला, आज तो कोणत्या विभागाकडे आहे, आणि पद मंजूर होईपर्यंत शेजारच्या केंद्रातली आरोग्यसेविका आठवड्यातून किती दिवस तिथे पाठवणार?

मंत्र्यांनी मागे वळून चिठ्ठी घेतली. प्रस्ताव वित्त विभागाकडे आहे म्हणाले, तीन महिन्यांत निर्णय घेऊ म्हणाले, आणि तोवर आठवड्यातून दोन दिवस आरोग्यसेविका पाठवण्याच्या सूचना देऊ म्हणाले. सगळं मिळून दीड मिनिट. मग पुढचा विषय.

बाहेर आल्यावर आमदार एवढंच बोलले, 'शेवटचा भाग चांगला होता.' तो शेवटचा भाग माझा नाही, आशाताईंचा आहे. मी त्यांना विचारलं होतं की पद मंजूर व्हायला वर्ष गेलं तर काय करता येईल. त्या म्हणाल्या, दोन दिवस जरी नर्सबाई आली तरी गरोदर बायांची तपासणी गावातच होईल.

या आठवड्यात सभागृह रात्री उशिरापर्यंत चालतंय. दोनदा शेवटच्या कर्जत लोकलने गेले. एका रात्री माटुंग्याच्या ताईंकडे राहिले, त्यांनी गरम पिठलं-भात वाढला. खाडीकाठ ताई, तुमचं ऋण.

---

चिंचेचा_मळा
११ जुलै, सकाळी ९:३०

वाचलं. दोनदा वाचलं. माझा विनंती अर्ज काकांनी करून दिलाय, आमच्या आमदारांची सही झाली, मागच्या आठवड्यात सादर झाला. वडिलांची ती झेरॉक्स सोबत जोडली.

---

जुनी_फाईल
११ जुलै, सकाळी १०:१५

पळसपान, आता वहीत लिही: ८ जुलैपासून ९० दिवस म्हणजे ६ ऑक्टोबर. कामकाजाची असुधारित प्रत (सभागृहातलं बोलणं टिपलेली पहिली प्रत) घे आणि 'तीन महिन्यांत निर्णय घेऊ' हे वाक्य त्यात तसंच उतरलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग आश्वासन शाखेत जा, आश्वासन म्हणून नोंद झालीय का विचार, क्रमांक माग. 'दोन दिवस आरोग्यसेविका' हे वेगळं आश्वासन आहे, त्याची वेगळी नोंद हवी. अधिवेशन संपल्यावर सगळे गावी जातात, त्या पंधरवड्यात हे काम होतं. तेव्हा शाखेतल्या माणसांना बोलायला वेळ असतो.

---

पळसपान
२४ जुलै, संध्याकाळी ७:२०

काका, गेले होते. प्रतीत वाक्य तसंच आहे. पहिल्याची नोंद झालीय, क्रमांक मिळाला. दुसऱ्याची झाली नव्हती. 'सूचना देऊ' हे आश्वासनात धरायचं की नाही यावर तिथल्या मॅडमनी वरिष्ठांना विचारलं, मला अर्धा तास बसवून चहा दिला, आणि आमदारांचं पत्र आणा म्हणाल्या. उद्या देते.

आशाताईंशी बोलणं झालं. कुलूप तसंच आहे. पण सोमवारी तालुक्याचे आरोग्य अधिकारी येऊन इमारत उघडून बघून गेले. आत पाल्यापाचोळ्याचा ढीग आणि एका खिडकीची काच फुटलेली. ताईंनी दोन बायांना घेऊन ती खोली झाडून काढलीय. मला फोटो पाठवलाय, झाडलेल्या फरशीचा.

---

नवी_ओवी
२५ जुलै, रात्री ९:०५

ताई, हा धागा सुरुवातीपासून वाचला. मी नांदेडची, मलाही एका आमदारांकडे ऑगस्टपासून असंच काम मिळालंय. मुंबईत कुणी ओळखीचं नाही. तुमच्याकडे किंवा जवळपास जागा मिळेल का?

---

पळसपान
२५ जुलै, रात्री ९:३२

आमच्यातली एक जण १ तारखेला पुण्याला जातेय, तिची जागा रिकामी होईल. दुसरीला विचारलं, तिची हरकत नाही. नंदीग्राम एक्सप्रेसने येत असशील तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नको, कल्याणला उतर. म्हणजे डोंबिवलीला उलटं यावं लागणार नाही. मी घ्यायला येते.